अकरावा आठवडा

विट्याच्या बसस्टँडमागं, पहिल्या मजल्यावर
तरन्नुम शिकलगार माझा गुडघा दोन्ही हातांत घेते
कलिंगड पारखावं तसा,
आणि म्हणते, आता जपायचं.

आता?
काठी सुटली. सूज उतरली.
काल तर मी जिना चढले
एकही पायरी न मोजता.

म्हणूनच, ती म्हणते.
दुखायचं थांबलं की माणूस विसरतं.
आतला दोर मात्र
सगळ्यात कच्चा असतो याच दिवसांत.

भाळवणीच्या मैदानावर
खांबाला वळसा घालताना
अंग वळलं, पाऊल मातीतच राहिलं.
आवाज झाला बारका,
खिशातल्या खिशात सुपारी फुटावी तेवढा.
मगदुमांची त्रिशला, माझ्या खोची वाट बघत,
तशीच बसून राहिली पाटीवर
शिट्टी होऊन गेली तरी.

मिरजेत माझ्याच मांडीमागची कंडरा काढली,
घडी घातली,
हाडांना भोकं पाडून ओवली.
कंडरेला आजवर एकच काम माहीत: ओढणं.
आता तिनं अस्थिबंध व्हायचं,
अडवायला शिकायचं.
हे शिकवतात कोण, विचारलं
तर तरन्नुम म्हणाली, विकर.
मला ऐकू आलं विकार.
विकार नव्हे गं, विकर, नववीच्या पुस्तकात होते की.

ते कातरत जातात जुने धागे, कोलॅजनचे,
एकेक.
मागून पेशी नवे टाकत येतात,
आधी विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखे, कसेही,
पुढं महिन्यामहिन्यानं
ताण पडेल त्या दिशेला.
कातरणं पुढं पळालं, विणणं मागं राहिलं, की तुटलं.
आणि कातरलंच नाही तर
मढं राहतं आत, दोराच्या आकाराचं.
विकरांना आवरणारेही असतात म्हणे तिथंच,
त्यांच्या जबड्यात बोट घालून बसलेले.

आप्पांना हे लगेच पटलं.
बावीस वर्षं त्रिचूरच्या एका बोळात
त्यांनी लोकांचं सोनं गाळलं.
तेजाबात घातलं की तांबं जातं, चांदी जाते,
तपकिरी धूर चढतो,
आणि तळाशी उरतो चिखलासारखा भुगा.
तायडे, ते बघून गिऱ्हाईक रडायला यायचं,
म्हणायचं, माझं सोनं कुठाय?
आम्ही म्हणायचो, हेच की.
मूस तापू दे.

पण आप्पा,
तेजाब सोन्याला हात लावत नाही.
माझ्या गुडघ्यात जे खाल्लं जातंय
तेच सोनं आहे.
दुसरं काही नाही तिथं
मागं उरायला.

आप्पा गप्प झाले.
बोटांकडं बघत राहिले स्वतःच्या,
पिवळी पडलेली कातडी
गावी येऊन सहा वर्षं झाली, तरी पुरती गेली नाही.
मग उठून शेंगा भाजायला गेले.

मला वाईट वाटलं. थोडं.

संध्याकाळी पोरी सरावाला जातात आमच्या दारावरून.
त्रिशला हात करते, थांबत नाही,
थांबली असती तर मी चिडले असते.
मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन
मांडी आवळते, दहापर्यंत मोजते, सोडते.
एवढाच ताण द्यायला परवानगी आहे.
एवढ्यावरूनच म्हणे आत कळतं
धागा कुठल्या बाजूला लावायचा.
आंधळ्याला हाताला धरून उंबरा दाखवावा
तसं रोज, तीस वेळा.

रात्री आप्पा कंदील नसताना कंदील धरल्यासारखे
वाकून बघतात टाक्यांची रेघ.
गलाईवाल्यांचा जुना प्रश्न विचारतात,
मूस ओतून झाल्यावर, काट्यावर ठेवायच्या आधीचा:
किती आलं?

एकशे वीस, मी सांगते. अंश.

ते मान हलवतात.
तूट धरूनच चालायचं, म्हणतात,
आणि दिवा घालवतात.